कार्पेंटरमावशीच्या आवारात : पकिप्सीच्या बाग-दफनभूमीतला एक रविवार

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर कल्याणचं. आई जुलैमध्ये आमच्याकडे न्यू जर्सीला आली, तेव्हा आम्ही नायगारा, वॉशिंग्टन, मॉल अशी यादी करून ठेवली होती. आईने ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "आनंदीबाईंचं ते ठिकाण इथून किती लांब?" चौतीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई आहे ती. ट्रेनिंगच्या वर्गात आनंदीबाई जोशींचा फोटो होता आणि त्या आपल्या कल्याणच्या, एवढं तिने आम्हाला लहानपणी शंभर वेळा सांगितलं असेल. पण त्यांची रक्षा अमेरिकेत आहे हे मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं इथे राहते मी. लाज वाटली.

तर ते ठिकाण म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या पकिप्सी गावातली 'पकिप्सी रूरल सिमेटरी'. (इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणीही पौघकीप्सी म्हणेल. आम्ही आठवडाभर तसंच म्हणत होतो.) नवरा म्हणाला गाडीने जाऊ, पण आईला आगगाडीचा षोक. मग ऑक्टोबरमधल्या एका रविवारी ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन पकडली. पकिप्सी शेवटचं स्टेशन, साधारण दोन तास. रूळ नदीला इतके चिकटून आहेत की आईला वसईची खाडी आठवली. पानगळीचा रंग ऐन भरात होता, पण त्याचं वर्णन करत नाही. इथे दर वर्षी त्यावर चार धागे निघतात.

स्टेशनवरून टॅक्सी केली. फाटकातून आत गेल्यावर आई म्हणाली, "ही तर राणीची बाग!" आणि मग हळूच, "चपला काढायच्या का गं?"

तिचा गोंधळ मला पटला. आपल्याकडे स्मशान म्हणजे काम उरकून, मागे वळून न बघता निघायची जागा. इथे टेकडीच्या चढउतारावर मोठमोठे ओक आणि मेपल, वळणावळणाचे रस्ते, मध्येच उघडं मैदान. एक बाई बाबागाडी ढकलत चाललेली. रस्ता एकही सरळ नाही. आधी वाटलं जमीनच तशी असेल, नंतर वाचलं की ती वळणं मुद्दाम काढतात. पुढचं दृश्य एकदम दिसू नये, चालणाऱ्याची पावलं मंदावावीत म्हणून.

याच्यामागची गोष्ट मी आईला बाकावर बसून सांगितली, इथेही थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरं फुगली आणि चर्चच्या आवारातल्या दफनभूमी भरून वाहू लागल्या. थडग्यावर थडगं, त्यात कॉलऱ्याच्या साथी. पॅरिसने १८०४ मध्ये शहराबाहेर पेर लाशेज उघडून वाट दाखवली. अमेरिकेत बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न १८३१ ची, आणि ती उभी करण्यात मॅसॅच्युसेट्सच्या बागकाम संस्थेचा हात होता, म्हणजे माळी आणि मृत्यू यांची युती तेव्हापासूनची. मग फिलाडेल्फियाची लॉरेल हिल १८३६, ब्रुकलिनची ग्रीन-वुड १८३८. इंग्लंडातही त्याच सुमारास लंडनच्या कडेने केन्सल ग्रीन, हायगेट वगैरे सात मोठ्या बाग-दफनभूमी झाल्या. न्यूयॉर्क राज्याने १८४७ मध्ये 'रूरल सिमेटरी' कायदाच केला आणि गावोगावी अशा संस्था निघाल्या. पकिप्सीची त्याच लाटेतली.

तेव्हा मोठ्या सार्वजनिक बागा जवळजवळ नव्हत्याच. सेंट्रल पार्कची स्पर्धा १८५८ मध्ये ठरली, म्हणजे ग्रीन-वुडनंतर वीस वर्षांनी. तोवर लोक डबे घेऊन रविवारी कुठे जायचे? दफनभूमीत! तिथे एवढी गर्दी व्हायची की आपल्याला सार्वजनिक बागा हव्यात, हे लोकांच्या लक्षातच त्यामुळे आलं. आई म्हणाली, "म्हणजे आधी मेलेल्यांना बाग मिळाली आणि मग जिवंतांना. पालिकेचं काम सगळीकडे सारखंच."

आता मुद्द्याचं. आनंदीबाईंची जागा 'लॉट २१६-ए' आहे एवढंच मी वहीत लिहून नेलं होतं. विभाग कुठला, रस्ता कुठला, काही नाही. शे-दीडशे एकरांत २१६-ए शोधायचं! तासभर फिरलो. पण त्या तासानेच मला ही जागा कळली.

झालं असं, की आम्ही एकेक नाव वाचत होतो आणि आईच्या लक्षात आलं की नावं घोळक्याने येतात. मध्ये मोठा दगड, त्यावर फक्त आडनाव. भोवती लहान दगड, काहींवर नुसतं 'आई', 'बाबा', 'बाळ'. जमिनीत रोवलेले कोपऱ्याचे दगड, कुठे बसकं कठडं. इथे एकेक कबर विकत घेत नसत. कुटुंब एक तुकडा घेई, त्याला 'लॉट' म्हणायचं, आणि तिथे कोण कुणाशेजारी झोपणार ते कुटुंब ठरवी. चर्चच्या आवारात जागा चर्चची, तुम्ही पाहुणे. इथे जागा तुमची. थोडक्यात, घराचं आवार.

तोवर आनंदीबाईंची कबर म्हणजे कुठल्यातरी संस्थेने उभारलेलं स्मारक असणार असं माझ्या डोक्यात होतं. पट्टी, फलक, उद्घाटन वगैरे. ते तसं नाही. ती कार्पेंटर कुटुंबाच्या आवारात आहे.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी : १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. हाताशी मिशनऱ्यांचं एक मासिक. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या पोस्टातल्या कारकुनाचं, बायकोला शिकवायचंय म्हणून लिहिलेलं पत्र. बाईंनी घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र टाकलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, वय अठरा, बरोबर नवरा नाही. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा घ्यायला हीच मावशी आली होती. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या, त्या वर्षाअखेर परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. मग त्यांची रक्षा समुद्रापार मावशीकडे आली. मावशीने ती आपल्या माणसांत ठेवली.

हे सगळं पाठ होतं. पण त्या घोळक्यांमधून तासभर चालल्याशिवाय 'आपल्या माणसांत' म्हणजे काय ते कळलं नसतं.

वाटेत आणखी दोन ओळखीचे भेटले. मॅथ्यू व्हासर हे इथले बिअर गाळणारे शेठ, ज्यांनी मुलींसाठी व्हासर कॉलेज काढलं. त्यांच्या थडग्यावर दगडाचं भलंमोठं ओकचं फळ आहे, टोपीसकट. गंमत म्हणजे गावाच्या दफनभूमीसाठी म्हणून यांनी आधी दुसरी जागा घेतली होती. समितीने वेगळीच जागा पसंत केली, मग शेठजींनी त्या जमिनीवर स्वतःची बाग केली, डाउनिंग या नामांकित बागरचनाकाराकडून. कॉलेज सुरू झालं १८६५ मध्ये. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५. आईने हे दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून.

दुसरे स्मिथ बंधू, खोकल्याच्या गोळ्यांवरचे दोन दाढीवाले. एकाच्या चित्राखाली 'ट्रेड' आणि दुसऱ्याच्या खाली 'मार्क' छापलेलं असायचं, त्यामुळे लोकांना तीच त्यांची नावं वाटत. आई इथे हसली नाही. "खोकल्याच्या गोळ्या," एवढंच म्हणाली. क्षयाच्या वॉर्डात तिने नऊ वर्षं काढली आहेत.

शेवटी पानं गोळा करणाऱ्या एका माणसाने वाट दाखवली. दगडावर नाव आहे, जोशीच्या शेवटी इंग्रजीत दोनदा 'ई' घालून, पुढे एम.डी., खाली १८६५–१८८७. आणि मजकूर : शिक्षण घेण्यासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री.

आम्ही न्यू जर्सीहून शेवंतीची कुंडी नेली होती. ऑक्टोबरात इथे प्रत्येक दुकानाबाहेर भोपळ्यांच्या शेजारी शेवंत्या असतात. आईने पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली. म्हणाली, "सवाष्ण गेली ना ती." दगडाला लावायला हात पुढे केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मेपलचं एक पान उचललं, त्यावर दोन बोटं टेकवली आणि ते पान कुंडीत खोचलं.

एक राहिलंच. इथे जागोजागी थडग्यांवर दगडी कलश कोरलेले आहेत, वर अर्धवट ओढलेलं वस्त्र. ग्रीक-रोमन पद्धतीचा रक्षाकलश. त्याखाली झोपलेली माणसं मात्र शवपेटीत पुरलेली. अमेरिकेतली पहिली दहनभट्टी १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियात झाली आणि पुढची कित्येक वर्षं दहन ही इथे नवलाची गोष्ट होती. एवढ्या कलशांच्या गर्दीत खरोखरची रक्षा कल्याणच्या मुलीची!

फोटो जमले की टाकते.

---

पाटीपेन्सिल

पहिलाच धागा आणि असा! वाचनखूण साठवली. ते मेपलच्या पानाचं वाचून थांबले थोडा वेळ.

---

पेठेतला_काका

लेख उत्तम. दोन सुधारणा, राग नसावा. शीर्षकात 'दफनभूमी' लिहिलंय आणि रक्षा तर दहनाची. शिवाय मूळ शब्द 'सिमेटरी' ग्रीकमधला, अर्थ झोपायची जागा. चर्चच्या आवारातल्या थडग्यांपासून आपलं वेगळेपण दाखवायला या बागवाल्यांनी तो शब्द उचलून धरला. तेव्हा 'निद्रास्थान' म्हणा हवं तर.

---

खाडीकाठची

@पेठेतला_काका, राग कसला. पण निद्रास्थान म्हटलं तर लोकांना गादीचं दुकान वाटेल. :)

---

शिवडी_फास्ट

धागाकर्तीताई, लांब कशाला, शिवडीला या. आमची ख्रिस्ती सिमेट्री अशीच बाग होती. जागा मूळ बागकाम संस्थेची, म्हणजे तुम्ही लिहिलंय तीच माळी-मृत्यू युती मुंबईतही झाली! १८६५ मध्ये क्रॉफर्ड साहेबाने, हो, मार्केटवाल्याच, ती दफनभूमीसाठी घेतली. व्हीटी बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथे आहेत, १९०० साली गेले. गेटवेचे जॉर्ज विटेटही तिथेच. उतारावरची जुनी झाडं अजून आहेत. माझी आजी तिथेच आहे, पण तिच्याकडे लॉट वगैरे नाही. मुंबईत जागा काही वर्षांनी दुसऱ्याला द्यावी लागते, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. तुमचं 'जागा तुमची' वाचून हेवा वाटला.

---

खाडीकाठची

@शिवडी_फास्ट, हे कोनाड्याचं माहीत नव्हतं. डिसेंबरात येतेय, तुम्ही दाखवाल का?

---

शिवडी_फास्ट

या की. २ नोव्हेंबरला आलात तर जास्त चांगलं, त्या दिवशी सगळी सिमेट्री मेणबत्त्या आणि झेंडूंनी भरलेली असते. डिसेंबरात आलात तर मी आणि मांजरं.

---

सडेतोड

मला त्या मजकुराबद्दल बोलायचंय. 'पहिली ब्राह्मण स्त्री.' एम.डी. झालेल्या बाईच्या थडग्यावर जात कोरायची? मावशीचं कौतुक सगळं मान्य, पण हे खटकतंच.

---

पेठेतला_काका

१८८७ च्या चष्म्याने बघा. त्या काळी समुद्र ओलांडणं म्हणजे जात जाणं. तेव्हा 'ब्राह्मण असून गेली' हीच बातमी होती. निघण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात (बंगालमधलं, नगरचं नव्हे) इंग्रजीत भाषण केलं. त्यात त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार.

---

सडेतोड

काका, बातमी होती हे मान्य. पण बातमी वर्तमानपत्रात असते, दगडावर आपण माणूस कोण होता ते लिहितो. आणि 'पहिली' या शब्दातसुद्धा गोम आहेच. पंडिता रमाबाई त्याच १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. थोड्या नंतर निघाल्या म्हणून दगड खोटा ठरत नाही इतकंच. काय लिहिलं नाही तेही बघा. 'पहिली भारतीय डॉक्टरीण' असं तो दगड म्हणतच नाही. शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला तेवढंच शिकवलं, आणि त्याच १८८६ मध्ये कलकत्त्यात डॉक्टर झालेल्या कादंबिनी गांगुली आपल्याला ठाऊक नसतात.

---

खाडीकाठची

@सडेतोड, खरं सांगू, तिथे उभी असताना मलाही तो शब्द टोचला. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "अगं, मावशीला जेवढं कळलं तेवढं तिने लिहिलं." त्या शब्दाचं आपल्याकडचं वजन रोझेलच्या बाईला कळणं अवघड होतं. तिच्या दृष्टीने ती केवढं मोठं धाडस नोंदवत होती. तुमचं म्हणणं मी खोडत नाही, दोन्ही गोष्टी त्या दगडात आहेत. कादंबिनींबद्दल शंभर टक्के मान्य.

---

रंकाळ्याची_हवा

कुणी कोल्हापूरचं नाव काढलं नाही म्हणून मीच काढतो. आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी दिली होती. तेच आजचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्या कामावर कधी रुजूच होऊ शकल्या नाहीत. माझा जन्म सीपीआरचा भावांनो, तेव्हा वाचताना आत कुठेतरी हललं.

---

डॉ_निवांत

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून भर घालते. त्यांचा प्रबंध आमच्याच विषयावर होता, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. स्वतःचं मूल चौदाव्या वर्षी झालं आणि दहा दिवसांत गेलं, औषधपाणी मिळालं नाही म्हणून. त्यानंतर डॉक्टर व्हायचं ठरवलं. त्यांच्या कॉलेजातला १८८५ चा फोटो पाहिला असेल : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लाम्बूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आमच्या हॉस्टेलच्या भिंतीवर तो होता. आनंदीबाईंकडे बघून आम्ही जर्नल पूर्ण करायचो.

---

टेम्सकाठी

लेख आवडला. ब्रिटनमध्ये असाच एक पाहुणा बागेत आहे. ब्रिस्टलची आर्नोस व्हेल ही १८३९ ची बाग-दफनभूमी. फाटकातून आत शिरलात की समोर चक्क छत्री! संगमरवरी नाही, तिथल्याच दगडाची, पण घाट अस्सल बंगाली-हिंदुस्थानी. ते राजा राममोहन रॉय. १८३३ मध्ये ब्रिस्टलजवळ स्टेपलटनला वारले, आधी त्यांच्या यजमानांच्या बागेत पुरलं होतं. द्वारकानाथ टागोरांनी, रवींद्रनाथांचे आजोबा, १८४३ मध्ये त्यांना आर्नोस व्हेलला हलवलं आणि वर ही छत्री उभारली. आणि नियती बघा, तीनच वर्षांनी, १८४६ मध्ये, द्वारकानाथ लंडनमध्ये वारले आणि स्वतः केन्सल ग्रीनमध्ये पुरले गेले.

केन्सल ग्रीनवरून आठवलं, तिथल्याच दहनगृहात १९९१ मध्ये फ्रेडी मर्क्युरीचे अंत्यसंस्कार झाले. पाचगणीच्या सेंट पीटर्सचा विद्यार्थी, म्हणून अवांतर खपवून घ्या.

---

सडेतोड

@टेम्सकाठी, फरक लक्षात घ्या. राजांना छत्री मिळाली ती श्रीमंत मित्राकडून, दर्शनी जागेत. आनंदीबाई कुणाच्यातरी घरच्या कोपऱ्यात. मला आता दुसरंच जास्त आवडायला लागलंय. (माझंच मत मी बदलतोय, नोंद घ्यावी.)

---

पेठेतला_काका

नोंद घेतली. तारीखवार.

---

वाळवीतज्ज्ञ

दगडांच्या जतनाचं काम करतो, म्हणून एक विनंती. धागाकर्तीच्या मातोश्रींनी हात आवरला ते फार बरं केलं. जुन्या थडग्यांना कुंकू, तेल, गुलाल काहीही लावू नका. संगमरवर आणि वाळूचा दगड सच्छिद्र असतो, लाल रंग आत शिरला की निघत नाही. अक्षरं वाचायला लोक खडू घासतात, शेव्हिंग क्रीम फासतात, ते तर साफ चूक. अक्षरं वाचायची असतील तर साधा आरसा घेऊन ऊन बाजूने पाडा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. ही गोष्ट वेरूळपासून तुमच्या गावच्या वीरगळांपर्यंत सगळीकडे लागू. वीरगळांना ऑइलपेंट देणाऱ्यांवर वेगळा धागा काढणार आहे.

---

पाटीपेन्सिल

@वाळवीतज्ज्ञ, लवकर काढा. आमच्या गावच्या वीरगळावर गेल्या वर्षी चंदेरी रंग चढलाय.

मला एक प्रश्न. रक्षा सगळीच तिकडे गेली का? आपल्याकडे विसर्जन करतात ना?

---

पेठेतला_काका

रक्षेच्या वाटणीबद्दल बोलू नये, पण गोपाळरावांबद्दल बोलता येईल. 'जगाच्या उलट' चालणारा माणूस. १८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवतंय? रानडे, टिळक आदी मंडळींना मिशनमध्ये बोलावलं, समोर चहा-बिस्किटं ठेवली आणि नंतर नावं वर्तमानपत्रात छापून आणली. ते करणारे हेच गोपाळराव. असा माणूस बायकोची रक्षा गंगेऐवजी हडसनकाठी पाठवतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

---

डॉ_निवांत

काका, गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाचं सगळ्यांनाच कौतुक. बायकोला अभ्यासावरून मारणं हेही त्याच विक्षिप्तपणात मोडतं का? रक्षा मावशीकडे गेली, मला बरंच वाटलं.

---

खाडीकाठची

माझ्या आईचंही मत डॉक्टरांच्या बाजूने. शब्दशः : "माहेरी गेली."

---

तारांगण

अवांतर : शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आनंदीबाईंचं नाव आहे. 'जोशी', तेच दोनदा 'ई' असलेलं स्पेलिंग. शुक्रावरची मोठी विवरं कर्तृत्ववान स्त्रियांच्या नावांनी ओळखतात. तिथे मात्र शेवंती टिकणार नाही, ४६० अंश तापमान आहे.

---

हडसनचा_वारा

नमस्कार. मी पकिप्सीपासून वीस मिनिटांवर राहतो. नऊ वर्षं झाली, त्या फाटकावरून आठवड्यातून दोनदा गाडी नेतो आणि आत काय आहे हे मला इथे वाचून कळलं. काल सकाळी मुलीला घेऊन गेलो. थेट सापडलं नाही, पण वळणावर वळणं घेत गेलो आणि मुलगीच ओरडली, "बाबा, शेवंती!"

गेल्या आठवड्यात दोन रात्री कडक दहिवर पडलं, त्यामुळे फुलं काळी पडली आहेत. पान उडून गेलं असावं. कुंडी तिथेच ठेवली तर हिवाळ्यात मरणार आणि साफसफाईत कचऱ्यात जाणार, म्हणून मी ती उचलून आणली. चाललं ना? मुळं जिवंत वाटतायत. तळघरात ठेवलं तर तगेल का? झाडांतलं मला काही कळत नाही.

---

खाडीकाठची

अहो, चाललं काय विचारता! आत्ताच कल्याणला फोन केला, तिकडे सकाळचे सहा वाजलेत. आईचा निरोप आहे : फांद्या चार बोटं ठेवून छाटा, अंधाऱ्या थंड जागेत ठेवा, पाणी महिन्यातून एकदाच आणि तेही पेलाभर. एप्रिलमध्ये बाहेर काढा. आणि मुलीचं नाव काय, विचारतेय.

---

हडसनचा_वारा

नाव इथे जाहीर लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. छाटली. चार बोटं म्हणजे माझी की काकूंची?

---

खाडीकाठची

तिची. तुमची तीन.